जहांगीर रतनजी दादाभाई टाटा : एका वैमानिकाचें शिक्षण

पालघरच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभें असतां डोक्यावरून विमान गेलें नाहीं असा दिवस आतां विरळाच. तें पाहून वर्गांतील निदान दोघे-तिघे तरी आपण वैमानिक होणार असें सांगून मोकळे होतात. परंतु त्यासाठीं नेमकें काय शिकावयाचें, कोठें शिकावयाचें, आणि घरच्या वडील माणसांचा विचार निराळा असला तर काय करावयाचें, हे प्रश्न पुढें आले कीं बोलणें तेथेंच थांबतें. म्हणून, हिंदुस्थानांत देण्यांत आलेला वैमानिकाचा पहिला परवाना ज्यांच्या नांवें लिहिला गेला, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचें चरित्र येथें देत आहों. टाटांचे कारखाने व त्यांचे धर्मादाय यांविषयीं अन्यत्र पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें मुख्यत्वें त्यांच्या शिक्षणाचा भाग पाहावयाचा आहे.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस शहरीं झाला. वडील रतनजी हे प्रसिद्ध जमशेटजी टाटांचे नात्यानें बंधु व व्यापारांतील भागीदार. मातोश्री सुझान ह्या फ्रेंच. पांच भावंडांत जहांगीर दुसरे. वडिलांच्या उद्योगामुळें कुटुंबाचें बिऱ्हाड कधीं पॅरिसला, कधीं मुंबईस, तर कधीं जपानांत योकोहामा येथें असे. मुलगा एका शाळेंत रुळतो न रुळतो तोंच दुसऱ्या देशाची शाळा पुढें उभी राही. अशा विस्कळित शालेय जीवनांत एकच गोष्ट कायम राहिली, ती म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टींतील फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्दलो हें गांव. इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी १९०९ सालीं विमानानें प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचें घर त्याच गांवीं होतें. वाळूच्या पुळणीवर विमान उतरतांना त्या लहान मुलानें पाहिलें, आणि पंधराव्या वर्षीं तेथेंच एका विमानांत बसण्याचा योग त्यास आला. फेरी कांहीं मिनिटांचीच, पण वैमानिक व्हावयाचें हें त्याच्या मनानें त्या मिनिटांत ठरवून टाकलें.

मनानें ठरविणें निराळें व घरानें ठरविणें निराळें. जहांगीर यांना केंब्रिज येथें यंत्रशास्त्र शिकावयाचें होतें व त्यासाठीं ते इंग्लंडांत प्रवेशाची तयारीहि करीत होते. मध्यंतरीं मातोश्री वारल्या. विसाव्या वर्षीं फ्रान्सच्या कायद्यानुसार त्यांना एक वर्ष घोडदळांत नोकरी करावी लागली. लष्करांत आणखी कांहीं काळ राहून अश्वारोहणाचें उच्च शिक्षण घ्यावें असें त्यांच्या मनांत आलें होतें. परंतु वडिलांनीं तें मानलें नाहीं. पुढें त्यांची ती तुकडी मोरोक्कोंतील लढाईंत कापली गेली! केंब्रिजचा बेतहि वडिलांनींच मोडला. १९२५ च्या डिसेंबरांत त्यांनीं मुलास मुंबईस बोलावून घेतलें आणि टाटांच्या कचेरींत उमेदवार म्हणून बसविलें. त्यानंतर वर्ष भरण्यापूर्वींच, १९२६ सालीं, रतनजी निवर्तले व धाकट्या भावंडांचा भार बावीस वर्षांच्या जहांगीरवर आला. विद्यापीठाचें दार तें कायमचेंच मिटलें.

येथें वडिलांस दोष द्यावा काय? वडिलांच्या एका नकारानें मुलाचा जीव वांचला व दुसऱ्या नकारानें त्याची पदवी गेली. दोन्ही नकार एकाच प्रेमांतून आले होते, असें आम्हांस वाटतें. पदवी नसल्याचें शल्य जहांगीर यांच्या मनांत जन्मभर राहिलें. पण त्यांनीं तें शल्य कुरवाळीत न बसतां कामास लावलें. कचेरींत जॉन पीटरसन नांवाच्या अधिकाऱ्याच्या खोलींतच त्यांचें टेबल मांडलेलें असे. त्या अधिकाऱ्याकडे जाणारा प्रत्येक कागद आधीं या उमेदवाराच्या नजरेखालून जाई. जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत त्यांनीं निरनिराळ्या खात्यांतून काम पाहिलें. रात्रीं यंत्रशास्त्राचीं व व्यापारशास्त्राचीं पुस्तकें. शिक्षक नाहीं, परीक्षा नाहीं, प्रमाणपत्र नाहीं, असा हा अभ्यास होता. तो किती कठीण, हें ज्यानें करून पाहिला असेल त्यासच कळेल.

१९२८ सालीं मुंबईस फ्लाइंग क्लब निघाला व जुहूच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. जहांगीर तत्काळ सभासद झाले. त्या काळचें शिकवणीचें विमान म्हणजे लांकूड व कापड यांचें, उघड्या बैठकीचें, दोन माणसांचें. पुढें-मागें दोन बैठका व दोन्हींकडे चालविण्याच्या दांड्या. गुरूचा हात एका दांडीवर व शिष्याचा दुसरीवर. वाऱ्याच्या गोंगाटांत एकमेकांचें बोलणें ऐकूं यावें म्हणून मधें नळी लाविलेली. पुरेसा हात बसला असें गुरूस वाटलें, कीं तो खालीं उतरतो व शिष्यानें एकट्यानें वर जाऊन सुखरूप परत यावयाचें असतें. जहांगीर यांनीं चार तासांहून कमी शिकवणीनंतर हें एकट्याचें उड्डाण केलें. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांना परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. त्या लहानशा पुस्तिकेनें झालेला आनंद पुढील कोणत्याहि मानपत्रानें झाला नाहीं, असें ते उतारवयांतहि सांगत. त्यांची बहीण सिला यांनींहि पुढें परवाना मिळविला, हें आमच्या विद्यार्थिनींनीं ध्यानांत ठेवावें.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. तो परवाना हौशी वैमानिकाचा होता, आणि घरची श्रीमंती पाठीशीं असल्यामुळें खर्चाचा प्रश्न टाटांपुढें नव्हता. उतारू नेण्याचा परवाना हवा असेल तर आज २०० तासांचें उड्डाण, वैद्यकीय तपासणी, आणि मार्गनिर्देशन, हवामान, हवाई नियम व विमानाचें यंत्रज्ञान या विषयांच्या परीक्षा इतकें सर्व पार पाडावें लागतें. त्याचा मुख्य पाया म्हणजे शाळेंतील गणित व पदार्थविज्ञान. खर्चहि भारी आहे. सातपाटीच्या कोळ्याच्या वा मनोरच्या शेतकऱ्याच्या घरास तो सहज पेलणारा नाहीं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून हवाई दलांत जाणाऱ्यास मात्र शिक्षणाचा खर्च सरकार देतें. तो मार्गहि मुलांनीं व पालकांनीं विचारांत घ्यावा. निकड असेल त्यानें कर्ज काढण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणी आधीं करून घ्यावी. डोळ्यांचा वा कानांचा दोष मागाहून कळणें फार महाग पडतें.

आगाखान यांनीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें विमानांतून करणाऱ्या पहिल्या हिंदी मनुष्यास ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें होतें. १९३० सालीं जहांगीर कराचीहून निघाले; अस्पी इंजिनिअर नांवाचा सतरा वर्षांचा पारशी मुलगा इंग्लंडहून उलट दिशेनें निघाला. मिसर देशांत अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पीच्या इंजिनास ठिणगी देणारे प्लग निकामी होऊन तो अडकून पडला होता. जहांगीर यांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्यास दिले व दोघे आपापल्या वाटेस लागले. अस्पी कराचीस आधीं पोहोंचला व बक्षीस त्यास मिळालें. हाच मुलगा पुढें हवाई दलांत शिरला आणि १९६० पासून १९६४ पर्यंत भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

त्याच वर्षीं जहांगीर यांचा विवाह थेल्मा विकाजी यांच्याशीं झाला. विकाजी हें नांव तारापूरच्या जुन्या माणसांस परकें नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील विख्यात पारशी सावकार विकाजी मेहेरजी तारापूरचेच.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आपल्या तालुक्याच्या आकाशांतली आहे. नेव्हिल व्हिन्सेंट या इंग्रजी हवाई दलांतील माजी वैमानिकानें टपालाच्या विमानसेवेची कल्पना टाटांपुढें मांडली. दोन लाख रुपये भांडवल घालण्याचें ठरलें, पण सरकारचा होकार मिळण्यास तीन वर्षें गेलीं. अखेर १५ ऑक्टोबर १९३२, शनिवारीं सकाळीं, जहांगीर पस मॉथ जातीच्या लहानशा एकयंत्री विमानांत टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादेस बैलगाडींतून आणलेल्या डब्यांतलें पेट्रोल भरलें. दुपारीं एक वाजून पन्नास मिनिटांनीं ते जुहूस उतरले, व तेथून पुढें मद्रासपर्यंत टपाल व्हिन्सेंट यांनीं नेलें.

विद्यार्थ्यांनीं नकाशा घेऊन अहमदाबाद व जुहू या दोन ठिकाणांवर पट्टी ठेवावी. रेघ सुरतेजवळून येऊन जवळजवळ बोईसर व पालघर यांच्या माथ्यावरूनच खालीं उतरते. पालघर ते जुहू हें सरळ अंतर सुमारें चाळीस मैल. पस मॉथचा वेग ताशीं सुमारें शंभर मैल. तेव्हां गणित करून पाहिलें तर तें विमान आपल्या गांवावरून सुमारें दीडच्या बेतास गेलें असलें पाहिजे. वैमानिकाजवळ बिनतारी यंत्र नव्हतें. होकायंत्र, नकाशा व खालचा मुलूख हेच त्याचे वाटाडे. समुद्राची कड, वैतरणेची खाडी व रेल्वेचे रूळ ओळखतां येणें हीच त्याची विद्या. भूगोलाच्या तासास जांभया देणाऱ्यांनीं हें अवश्य वाचावें. जुहूचें मैदान इतकें सखल कीं पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई. मग सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे.

या विद्येनें घेतलेली किंमतहि झांकून ठेवूं नये. जहांगीर यांचा धाकटा भाऊ जिमी १९३६ सालीं ऑस्ट्रियांत विमानाच्या अपघातांत मृत्यु पावला. १९४२ सालीं, महायुद्ध चालू असतां, व्हिन्सेंट यांचें विमान इंग्लंडहून परततांना फ्रान्सजवळ नाहींसें झालें. आणि ज्यांच्या दृष्टीमुळें आपल्या शेजारीं तारापूरला अणुवीजकेंद्र उभें राहिलें, ते डॉ. होमी भाभा २४ जानेवारी १९६६ रोजीं माँ ब्लाँ पर्वतावर आदळलेल्या एअर-इंडियाच्याच विमानांत होते. भाभा टाटांचे स्नेही. त्यांच्या मूलभूत संशोधनसंस्थेस १९४५ सालीं टाटांच्या विश्वस्तनिधीनें हात दिला होता, आणि विमान ज्या संस्थेचें, तिचे अध्यक्ष टाटा! १९६९ सालीं तारापूरची वीज वाहूं लागली तेव्हां ती पाहण्यास भाभा नव्हते.

१९३८ सालीं, चौतिसाव्या वर्षीं, जहांगीर टाटा समूहाचे प्रमुख झाले. १९४६ सालीं त्यांच्या विमानकंपनीचें एअर-इंडिया असें नामकरण झालें व ८ जून १९४८ रोजीं तिचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनास निघालें. १९५३ सालीं सरकारनें विमानकंपन्या ताब्यांत घेतल्या. हें टाटांस मुळींच रुचलें नाहीं. तथापि अध्यक्षपद त्यांनीं पंचवीस वर्षें सांभाळलें. प्रवासांत ते वही काढून बसत. चहाचा रंग, पडद्याचा मळ, खुर्चीचा कोन, सेवकांचें वागणें, सारें टिपलें जाई व उतरल्यावर संबंधितांस चिठ्ठ्या जात. १९७८ सालीं सरकारनें त्यांना त्या पदावरून दूर केलें. ती कंपनी २०२२ च्या जानेवारींत पुन्हां टाटांकडे आली, पण तोंवर त्यांच्या मृत्यूस अठ्ठावीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

पदावरून दूर झाल्यावर चार वर्षांनीं, १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पहिल्या टपाल-उड्डाणास पन्नास वर्षें झालीं. त्या दिवशीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जहांगीर पुन्हां कराचीस गेले, जुन्या लेपर्ड मॉथ विमानांत बसले आणि तें स्वतः चालवीत मुंबईस आले. १९९२ सालीं त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनीव्हा येथें त्यांचें देहावसान झालें. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमींत त्यांची समाधि आहे.