बापमाणूस सुभेदार रामजीबाबा

भीमजयंतीला आपली सबंध वस्ती १४ एप्रिलच्या तयारीला लागते. पण २ फेब्रुवारी हा दिवस आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? १९१३ साली त्या दिवशी बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ मुंबईत वारले. विहाराच्या या अंकात त्यांची आठवण काढणं आम्ही आमचं कर्तव्य समजतो.

रामजीबाबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. लष्करात सुभेदार, पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर. महूला १८९१ साली चौदावं अपत्य भीमराव जन्मलं. पुढे पेन्शन झाली महिना ५० रुपये. १८९६ मध्ये साताऱ्याला माता भीमाबाई वारल्या. चौदांपैकी जगली पाच, तीन मुलगे नि दोन मुली. अपंग असलेल्या मीराआत्यांनी लेकरांना आईची माया दिली. बाबा मात्र नोकरीपायी लांब गोरेगावला राहत. तरी पोरांच्या अभ्यासावर त्यांचा डोळा असे. घरात दारू नाही. कबीरपंथी घर. रोज भजन.

त्यांनी पुढे दुसरं लग्न केलं, ते छोट्या भीमाला रुचलं नाही. आपल्या पोटापुरतं आपणच कमवावं आणि मुंबईच्या गिरणीत कामाला लागावं, असं त्याच्या मनात आलं. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याची पिशवी काढली, तर आत निघाला फक्त अर्धा आणा! तिथेच त्याने बेत सोडला आणि जीव लावून शिकायचं ठरवलं. आम्ही गिरणीकामगार हे वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. पिशवीत चार आणे जास्त असते तर?

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. लोअर परळच्या डबक चाळीत एकच खोली. तिथेच चूल, तिथेच माणसं. मग भीमाने वाचायचं कुठे नि कधी? बाबांनी युक्ती काढली. पोराला लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, मग त्याला उठवून आपण आडवं व्हायचं. आम्ही रातपाळ्या केल्या त्या पगारासाठी. या बापाने पगाराविना रातपाळी केली!

पुस्तक हवं म्हटलं की बाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात. पैसे नसले तर एखादा दागिना मागून सावकाराकडे गहाण टाकत नि पेन्शन आली की सोडवून आणत. त्या लेकींचे उपकारही आपण विसरू नयेत.

भीमराव १९०७ ला मॅट्रिक झाले, १९१२ ला बी.ए. ते बडोद्याला नोकरीवर असताना वडील आजारी असल्याची तार आली. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले नि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा बाबा अखेरच्या घटका मोजत होते. लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. त्याच वर्षी लेक अमेरिकेला शिकायला गेला. ते बघायला बाप राहिला नाही. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

बंधू-भगिनींनो, आपली घरंही लहानच आहेत. पोरगं अभ्यासाला बसलं की निदान टीव्ही तरी बंद करूया. रामजीबाबांना तेच खरं अभिवादन होईल.

जयभीम!