मेंदूंतील वाटा दाखविणारे डॉ. एगास मोनिझ

आमच्या विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या कांहीं मुलामुलींचा ओढा वैद्यकाकडे असतो, आणि त्यांचे पालक आम्हांस पुष्कळदां विचारतात कीं, ह्या विद्येंत आतां नवी अशी शाखा कोणती. अशाच एका शाखेची हकीकत आज सांगावी असा आमचा विचार आहे. मेंदूंतील एखादी धमनी फुगून फुटण्याच्या बेतांत आली, अथवा तींत रक्ताची गांठ अडकून अर्धांगवायूचा झटका आला, तर कवटी न उघडतां मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनींतून एक बारीक लवचिक नळी थेट वर सरकवून तेथल्या तेथें उपाय करणारे डॉक्टर आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतून काम करीत आहेत. पाठीच्या कण्यांतील रक्तवाहिन्यांवरही तेच उपचार करतात. परंतु नळी सरकवावयाची तर वाट दिसली पाहिजे. जिवंत मनुष्याच्या मेंदूंतील ही वाट ज्यांनीं प्रथम उघड करून दाखविली, त्यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों. तें सर्वस्वी गोड नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

पोर्तुगाल देशाचें नांव गोव्यामुळें आपणांस परकें नाहीं. ह्या देशांतील आव्हांका नांवाच्या खेड्यांत २९ नोव्हेंबर १८७४ रोजीं आंतोनियु ह्या मुलाचा जन्म झाला. घराणें जुनें व जमीनदारीचें. मध्ययुगांत पोर्तुगालच्या पहिल्या राजाचा पालक म्हणून प्रसिद्ध असलेला एगास मोनिझ नांवाचा वीर आपला पूर्वज होय, अशी ह्या घराण्याची समजूत होती. म्हणून धर्मगुरु असलेल्या काकांनीं मुलाला त्या वीराचेंच नांव जोडून दिलें. पुढें जगानें त्यांस ह्याच नांवानें ओळखलें. प्राथमिक शिक्षण काकांपाशींच झालें. मुलास गणिताची आवड फार. पण शेवटीं त्यांनीं कोइंब्राच्या विद्यापीठांत वैद्यक घेतलें व १८९९ सालीं पदवी मिळविली. नंतर फ्रान्समध्यें बोर्दो व पॅरिस येथें मज्जासंस्थेच्या रोगांचा त्यांनीं अभ्यास केला, आणि १९११ सालीं लिस्बन येथें त्या विषयाचे प्राध्यापक झाले.

ह्या गृहस्थांचें लक्ष एका विषयांत बांधून राहिलें नव्हतें. १९०३ पासून ते राजकारणांत होते. कायदेमंडळांत बसले, एकदां तुरुंगांतही गेले, स्पेनमध्यें वकील झाले, परराष्ट्रमंत्री झाले, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस येथील तह-परिषदेंत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचे पुढारी म्हणून बसले. राजकीय वादापायीं एक द्वंद्वयुद्धही खेळले! पुढें त्यांनीं राजकारण सोडलें. ज्या शोधानें त्यांचें नांव झालें तो लागला तेव्हां ते पन्नाशी उलटलेले होते. मॅट्रिकला पहिला वर्ग हुकला म्हणून हताश होणाऱ्या घरांतून ही गोष्ट अवश्य वाचली जावी.

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीं लागला. त्यानें हाडें दिसूं लागलीं. पण मेंदू हाडांच्या पेटींत बंद, आणि मऊ मांसाची छाया त्या चित्रांत उमटत नाहीं. मेंदूंत गांठ आहे असें लक्षणांवरून कळे, पण नेमकी कोठें तें कळेना. अमेरिकेंत डँडी ह्यांनीं १९१८ सालीं मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्र घेण्याची युक्ति काढली होती. परंतु ती रोग्यास फार कष्टाची व धोक्याची होती. मोनिझ ह्यांच्या मनांत आलें कीं, किरणांस अडविणारें एखादें द्रव्य मानेंतील धमनींत सोडलें, तर रक्ताबरोबर तें मेंदूंत पसरेल व सर्व फांद्या चित्रांत उमटतील. गांठ असेल तेथें ह्या फांद्या बाजूला ढकललेल्या दिसतील.

कल्पना सोपी, पण कृति कठीण. द्रव्य असें हवें कीं किरणांस अडवील, पण मेंदूस जाळणार नाहीं. शिवाय रक्त मेंदूंतून कांहीं सेकंदांत निघून जातें, तेवढ्यांतच चित्र साधलें पाहिजे. त्यांत मोनिझ ह्यांच्या हातांस तरुणपणापासून गाउट नांवाच्या सांधेदुखीनें घेरलें होतें. बोटें वांकडीं झालेलीं. स्वतः शस्त्र धरणें त्यांस अशक्यच होतें. म्हणून पेद्रु आल्मेइदा लिमा हे तरुण सहकारी त्यांचे हात बनले. प्रथम प्राण्यांवर व प्रेतांवर प्रयोग झाले. मग रोग्यांवर स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरून पाहिलें. चित्रें मनासारखीं येईनात, आणि एक रोगी दगावला. मोनिझ थांबले, व अधिक अपारदर्शक असें सोडियम आयोडाइडचें द्रावण घेऊन पुन्हां आरंभ केला. २८ जून १९२७ रोजीं मेंदूच्या तळाशीं गांठ असलेल्या एका वीस वर्षांच्या तरुण रोग्याची धमनी मानेंत उघडून लिमा ह्यांनीं तें द्रावण सोडलें. कांच धुतली गेली तेव्हां तींत मेंदूच्या धमन्या उमटल्या होत्या, आणि गांठीनें त्या सरकविलेल्याही दिसत होत्या. पुढच्याच महिन्यांत मोनिझ ह्यांनीं पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें हीं चित्रें मांडलीं.

येथून पुढची मजल इतरांनीं मारली. १९५३ सालीं स्वीडनमधील सेल्डिंगर ह्यांनीं धमनी कापून न उघडतां सुईच्या छिद्रांतून तारेवरून नळी आंत घालण्याची रीत काढली. १९६० नंतर कण्याच्या धमन्यांचींही चित्रें निघूं लागलीं. मॉस्कोमध्यें सेर्बिनेंको ह्यांनीं नळीच्या टोंकाला इवलासा फुगा लावून तो मेंदूच्या धमनींत सोडून देण्याची युक्ति साधली, आणि १९९० सालीं लॉस एंजेलीस येथें इटालियन डॉक्टर गुग्लिएल्मी ह्यांनीं प्लॅटिनमच्या मऊ तारेचें वेटोळें धमनीच्या फुगवट्यांत भरून, सौम्य विजेनें तें मागच्या तारेपासून सोडविलें. नळीनें रक्ताची गांठ ओढून काढल्यास अर्धांगवायूचा रोगी सांवरतो, हें २०१५ सालच्या चांचण्यांनीं निःसंशय ठरलें. अशा झटक्यांत दर मिनिटाला मेंदूच्या सुमारें १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज आहे. म्हणून हे डॉक्टर मध्यरात्रींही धांवत येतात, आणि अंगावर शिशाचा जड झगा चढवून तासन्‌तास उभे राहतात. पालकांस हिशोबही सांगतों: साडेचार वर्षांचा पहिला अभ्यासक्रम, एक वर्ष रुग्णालयांत उमेदवारी, तीन वर्षें पुढील पदवी, आणि बहुधा आणखी तीन वर्षें विशेष शिक्षण. घाई असलेल्यांनीं ह्या वाटेस जाऊं नये.

आतां मोनिझ ह्यांच्या चरित्राची दुसरी बाजू. आयोडाइड रोग्यास झोंबत असे, म्हणून १९३१ पासून त्यांच्या मंडळीनें थोरियमयुक्त द्रव्य वापरण्यास आरंभ केला. चित्रें उत्तम येत, त्रास कांहींच नसे. पण थोरियम किरणोत्सर्गी. तें यकृतांत कायमचें साठे, आणि वीस-तीस वर्षांनीं कित्येक रोग्यांस कर्करोग झाला. पुढें तें द्रव्य सोडून देण्यांत आलें, व आज पुन्हां आयोडीनचींच, पण सौम्य केलेलीं संयुगें वापरतात.

१९३५ सालीं तर मोनिझ ह्यांनीं वेडाच्या रोग्यांच्या मेंदूचे पुढील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्या काळीं अशा रोग्यांस औषध जवळजवळ नव्हतें, हें खरें. पण अवघ्या वीस रोग्यांवरून, व तेही थोडेच दिवस पाहून, त्यांनीं यश जाहीर केलें. ती घाई आम्हांस क्षम्य वाटत नाहीं. अमेरिकेंत व अन्यत्र हजारों लोकांवर ही शस्त्रक्रिया झाली, आणि पुष्कळांचा स्वभाव, उत्साह व बुद्धि कायमची मंदावली. १९२८ सालींच धमन्यांच्या चित्रांसाठीं मोनिझ ह्यांचें नांव नोबेल पारितोषिकाकरितां सुचविलें गेलें होतें. तें त्या वेळीं मिळालें नाहीं. मिळालें तें १९४९ सालीं, स्वित्झर्लंडचे हेस ह्यांच्याबरोबर विभागून, आणि तें तंतू तोडण्याच्या ह्या शस्त्रक्रियेसाठीं! पुढें कांहीं रोग्यांच्या आप्तांनीं तें परत घ्यावें अशी मागणी केली. पण तें परत घेतलें गेलेलें नाहीं.

१९३९ सालीं एका रोग्यानें मोनिझ ह्यांच्यावर त्यांच्या तपासणीच्या खोलींतच गोळ्या झाडल्या. ते वांचले, १९४४ पर्यंत शिकवीत राहिले, आणि पत्त्यांच्या खेळाचा इतिहासही लिहून गेले. १३ डिसेंबर १९५५ रोजीं लिस्बन येथें त्यांचें देहावसान झालें. आव्हांका येथील त्यांच्या घराचें १९६८ सालीं संग्रहालय करण्यांत आलें.