हकीम अजमल खान : घराण्याची विद्या लोकांच्या हाती

जुन्या दिल्लीतील बल्लीमारान मोहल्ल्यात ‘शरीफ मंझिल’ ही हवेली आहे. मोगल काळापासून हकिमी करणाऱ्या एका नामवंत घराण्याची ही वास्तू. याच घराण्यात १८६८ मध्ये अजमल खान यांचा जन्म झाला. लहानपणीच कुराण मुखोद्गत करून ते हाफिज झाले. अरबी-फारसी शिकले आणि वडील व थोरल्या भावांच्या हाताखाली नाडी पाहायला शिकले.

त्या काळी चांगला नुस्खा म्हणजे घराण्याची दौलत. बाप तो मुलाला सांगे, फार तर एखाद्या विश्वासू शागिर्दाला. सांगायला कोणी नसेल तर विद्या माणसाबरोबर कबरीत जाई. अजमल खान यांचे थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा-ए-तिब्बिया काढून हा दरवाजा किलकिला केला. तो सताड उघडण्याचे काम धाकट्या भावाने आयुष्यभर केले.

रामपूरच्या नवाबांकडे सुमारे दहा वर्षे हकिमी केल्यानंतर ते दिल्लीत स्थिरावले. राजेरजवाड्यांनी बाहेरगावी बोलावले तर त्यांची फी दिवसाला १,००० रुपये असे. दिल्लीत दारात आलेल्या गरिबाकडून मात्र ते काही घेत नसत. शुद्ध औषधे मिळावीत म्हणून त्यांनी ‘हिंदुस्तानी दवाखाना’ काढला आणि त्याची कमाई तिब्बी शिक्षणाकडे वळवली.

पडद्यातल्या बायकांचे दुखणे ही त्यांची मोठी चिंता होती. परक्या पुरुषाला नाडी दाखवायची नाही, म्हणून आजार अंगावर काढला जाई. बाळंतपण अशिक्षित दाईच्या हाती असे आणि साध्या अस्वच्छतेपायी आई व मूल दोघेही दगावत. अशा स्त्रियांना इस्पितळात या, असे नुसते सांगून भागणार नव्हते. म्हणून १९०९ मध्ये दिल्लीत जनाना मदरसा सुरू झाला. तिथे स्त्रियांना वैद्यक आणि दाईकाम शिकवले जाऊ लागले. शिकलेली बाईच उंबरठ्याच्या आत जाऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते.

१९१० च्या सुमारास मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा येऊ घातला. त्यामुळे वैद्य आणि हकीम दोघांच्याही पोटावर पाय येणार, अशी भीती पसरली. अजमल खान यांनी दोघांची एकच अखिल भारतीय परिषद उभी केली. पण सरकारशी भांडतानाच ते आपल्या लोकांनाही सुनावत राहिले. शरीररचना, शस्त्रक्रिया, रसायनशास्त्र शिकल्याशिवाय नुसत्या पूर्वजांच्या कीर्तीवर तिब्ब टिकणार नाही, असे त्यांचे मत होते. १९११ मध्ये त्यांनी युरोपात जाऊन तिथली इस्पितळे डोळ्यांनी पाहिली. दिल्लीच्या करोल बागेत आयुर्वेद आणि युनानी यांचे एकत्र कॉलेज त्यांनी उभारले. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

राजकारणातही ते असेच दोन्ही बाजूंना जोडत राहिले. जामिया मिल्लियाचे ते पहिले कुलपती. सरकारने दिलेले किताब असहकाराच्या काळात त्यांनी परत केले, तेव्हा लोकांनी त्यांना ‘मसीह-उल-मुल्क’ म्हटले. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे निर्वाचित अध्यक्ष देशबंधू दास तुरुंगात असल्याने अध्यक्षपद हकीमसाहेबांनी भूषवले. पुढे दंगली पेटल्या, मने फाटली, त्यांचे स्वतःचे हृदयही थकत गेले. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूर येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

कथा मात्र इथे संपत नाही. जर्मनीत शिकलेल्या डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हकीमसाहेबांनी जुन्या वनौषधींच्या संशोधनाकडे वळवले होते. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि सर्पदंशावर पूर्वापार वापरली जाई. सिद्दीकींनी १९३१ मध्ये तिच्यातून काही घटक वेगळे काढले आणि त्यातल्या एकाला हकीमसाहेबांच्या आठवणीसाठी ‘अजमलीन’ हे नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण रुग्णांवर तपासून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये याच मुळीतून रिसर्पीन मिळाले आणि ते उच्च रक्तदाबावरील सुरुवातीच्या परिणामकारक औषधांपैकी एक ठरले. मात्र त्याचे दुष्परिणामही होते. काहींना मनाची उदासी घेरत असे, आणि ते रुग्णांकडे नीट लक्ष ठेवल्यामुळेच कळले. औषधाचा गुण असो वा दोष, तो तपासूनच स्वीकारायचा, हीच हकीमसाहेबांची वाट होती.

रमजानमध्ये जकात आणि सदका यांचा हिशोब घरोघरी होतो. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते, त्याला सदका-ए-जारिया म्हणतात. विहीर खोदणे हा सदका आहे, तसाच लोकांच्या उपयोगी पडेल असे ज्ञान मागे ठेवणे हाही. हकीमसाहेब गेले ते हृदयाच्या दुखण्याने, आणि त्यांच्या नावाचे अजमलीन पुढे वापरले गेले ते हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणण्यासाठी. घराण्याचे गुपित म्हणून झाकून ठेवली असती, तर ही विद्या शरीफ मंझिलच्या भिंतीआडच राहिली असती.