जायबंदी हाताची चित्रकला

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांच्या शरीराच्या जखमांची नोंद सरकारदफ्तरी झाली. मनाच्या जखमांची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही. होरेस पिपिन हा या सैनिकांपैकीच एक. पुढे तो नामवंत चित्रकार झाला. परंतु त्याच्या चित्रकलेचा उगम कीर्तीच्या हव्यासात नव्हता, तर मन सावरण्याच्या गरजेत होता.

पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर येथे १८८८ मध्ये त्याचा जन्म झाला. चित्रांचा नाद लहानपणापासूनचा. परंतु गरिबीमुळे शाळा लवकर सुटली आणि हॉटेलातील हमाली, कारखान्यातील ओतकाम अशी मिळतील ती कामे करावी लागली. १९१७ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या बरोबरीने लढावे, हे अमेरिकी सेनेला रुचत नव्हते. म्हणून त्याची ३६९ वी पलटण फ्रेंच सेनेच्या हाताखाली देण्यात आली. या पलटणीने १९१ दिवस आघाडीवर काढले. १९१८ मध्ये पिपिनच्या उजव्या खांद्याला गोळी लागली आणि तो हात कायमचा अधू झाला.

१९२० मध्ये त्याने विवाह केला. अपंगत्वाचे तुटपुंजे वेतन आणि पत्नीची धुलाईची कामे यांवर संसार चाले. खंदकांच्या आठवणी मात्र पाठ सोडीत नव्हत्या. अखेर त्याने शेगडीतील तापलेल्या सळईने लाकडी फळीवर चित्रे डागण्यास आरंभ केला. पुढे डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देत तो तैलरंगांकडे वळला. युद्धसमाप्तीचे त्याचे पहिले तैलचित्र पुरे होण्यास सुमारे तीन वर्षे लागली. त्यावर रंगांचे थरावर थर चढले. चौकटीवर त्याने शिरस्त्राणे, बाँब आणि रणगाडे कोरले. मनातील रणांगण त्याने अशा रीतीने चौकटीत बंदिस्त केले.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याची चित्रे मांडली. १९४२ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राऊनवर चित्रे काढली आणि कृष्णवर्णीयांच्या घरातील साध्या, शांत क्षणांनाही चित्रांत मानाचे स्थान दिले. एका माणसाचे दुःख अशा प्रकारे समाजाच्या स्मृतीशी जोडले गेले.

तथापि, कलेने सर्व दुःखे हरतात, असा सोयीस्कर निष्कर्ष यातून काढणे योग्य होणार नाही. कीर्ती लाभल्यानंतरही त्याच्या पत्नीला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. १९४६ साली, म्हणजे निधनाच्याच वर्षी, पिपिनने बाकावर एकाकी बसलेला माणूस रंगविला. कलेने त्याला जगण्याचे बळ दिले. परंतु दारिद्र्य आणि वर्णभेद दूर करणे हे कुंचल्याचे काम नव्हे. ते राज्यसंस्थेचे आणि समाजाचे कर्तव्य होय. जखमी माणसाने स्वतःच आपले औषध शोधले, म्हणून जखम करणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही.