मलेरियाच्या किटमधली लाल रेष आणि लोहाराचा मुलगा

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा या जंगलपट्ट्यात कुणाला ताप आला की आशाताई बोट टोचून रक्ताचा थेंब किटवर घेतात. काही मिनिटांत तपासणीच्या खुणेवर लाल रेष उमटली, तर मलेरिया. हा लाल रंग बहुतेक किटमध्ये सोन्याचा असतो. पिवळंधमक सोनं लाल कसं? हे कोडं पहिल्यांदा नीट अभ्यासणारा माणूस म्हणजे मायकेल फॅरेडे.

फॅरेडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा, लंडनजवळचा. वडील लोहार, घरात गरिबी. शाळा लिहिणं-वाचणं आणि थोडं गणित येण्यापुरतीच. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत विज्ञान शिकला. 1812 मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली, टिपणं स्वतः बांधली आणि त्यांनाच पाठवली. पुढच्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली. 1831 मध्ये त्याने चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण करून दाखवली.

साठी ओलांडल्यावर, स्मरणशक्ती दगा देत असताना, तो सोन्याकडे वळला. 1857 मध्ये त्याने मांडलं की माणकासारखा लाल दिसणारा द्रव म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण आहेत. त्यात प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट उजळून दिसायची. कण इतके लहान होते की त्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नव्हते. आज आपण त्यांना नॅनोकण म्हणतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग.

किटमधल्या अशा सुवर्णकणांना प्रतिपिंडं जोडलेली असतात. रक्तात मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन असेल तर ती त्याला पकडतात. तपासणीच्या रेषेवर हे सगळं अडकून साचतं आणि रेष लाल होते.

मग आठवी-नववीच्या वर्गात हे शिकवायला महागडी प्रयोगशाळा हवी का? फॅरेडेचं आयुष्य सांगतं, नको. 1827 ते 1860 या काळात त्याने 19 वेळा नाताळात मुलांसाठी व्याख्यानमाला घेतल्या. साध्या मेणबत्तीवरून तो मुलांना अख्खं रसायनशास्त्र उलगडून दाखवायचा. त्याचा झोताचा प्रयोगही जिल्हा परिषदेच्या शाळेत जमेल. एका ग्लासात मिठाचं पाणी घ्या, दुसऱ्यात साध्या पाण्यात दुधाचे दोन-चार थेंब टाका. खोलीत अंधार करा. कागदाला बारीक भोक पाडून तो मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. मिठाच्या पाण्यात झोत जवळपास दिसत नाही, दुधाच्या पाण्यात त्याची वाट उजळते. दुधातले सगळे कण नॅनो नसतात, पण डोळ्यांना न दिसणारा कण प्रकाश पकडून देतो, हे मुलांना समोर दिसतं. पुस्तकातलं ‘कलिल’ मग पाठ करावं लागत नाही.

25 ऑगस्ट 1867 रोजी फॅरेडे गेला. सोन्याचे हे कण पुढे रोग ओळखायला लागतील, हे त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने बनवलेल्या सोन्याच्या द्रावणाच्या बाटल्या मात्र लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजूनही जपून ठेवल्या आहेत.