रागांचं घड्याळ लावणारा वकील: भातखंडे आणि हार्मोनिक मिक्सिंग

डीजे सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या नावापुढे ८ए, ९बी असं काहीतरी दिसतं. हे कॅमेलॉट चाक. घड्याळासारखे १२ आकडे, ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. ८ए वाजत असेल तर पुढचा ट्रॅक ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी घ्यायचा. ८ए आणि ८बीचे सातही सूर तेच असतात. शेजारच्या आकड्यावर गेलात तर सातातला एकच सूर बदलतो, म्हणून कानाला धक्का बसत नाही.

हे चाक पहिल्यांदा समजलं तेव्हा मला विष्णु नारायण भातखंडे आठवले. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. शिकले कायदा, काही काळ कराचीत वकिलीही केली. पण जीव गाण्यात. पत्नी आणि मुलगी दोघीही अकाली गेल्या, आणि पुढे १९१० च्या सुमारास त्यांनी वकिलीही सोडली.

प्रश्न आजच्या भाषेत सांगायचा तर बॅकअपचा होता. बंदिशी उस्तादांच्या डोक्यात. उस्ताद गेला की सगळं गेलं. आणि तो शिकवणार घरातल्यांना, नाहीतर वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या शागिर्दाला. भातखंडे गावोगाव फिरले, विनवण्या करून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. तिथली ७२ मेळांची पद्धत अभ्यासून त्यांनी हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट ठरवले.

आता गंमत बघा. त्यातले सहा थाट या क्रमाने लावा: कल्याण, बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी. कल्याणचा तीव्र मध्यम शुद्ध केला की बिलावल. त्यात निषाद कोमल केला की खमाज. मग गंधार कोमल, काफी. धैवत कोमल, आसावरी. ऋषभ कोमल, भैरवी. दर पावलाला एकच सूर! चाकावरही हेच होतं, फक्त इथे षड्ज जागचा हलत नाही.

त्यांचं वेळेचं गणित तर अख्ख्या दिवसाचा डीजे सेट वाटतं. पहाटे आणि संध्याकाळी कोमल ऋषभाचे संधिप्रकाश राग, मग शुद्ध ऋषभ-धैवताचे, मग कोमल गंधार-निषादाचे. चोवीस तासांत हा फेरा दोनदा. एका गटातून दुसऱ्यात नेणाऱ्या रागांना त्यांनी परमेलप्रवेशक म्हटलं. जयजयवंती घ्या. तिच्यात दोन्ही गंधार, दोन्ही निषाद, म्हणून ती खमाजकडून काफीकडे सहज घेऊन जाते. याला ट्रान्झिशन ट्रॅक नाही तर काय म्हणायचं?

टेक्नो मिक्स करताना एक सांभाळा. वेग जुळवायला १२५ बीपीएमचा ट्रॅक १३२.५ वर नेला, म्हणजे ६ टक्के वाढवला, तर सूर जवळपास अर्धा स्वर चढतो आणि ८एचा ३ए होतो. की लॉक चालू नसेल तर पडद्यावरचा आकडा मग कामाचा नाही. नुसता किक आणि हाय-हॅट असेल तर ही चिंताच नको. आमच्या नंदुरबारकडे काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर ढोल चालतात, पहाटे होळी पेटते. तिथे नाचणाऱ्याचा पाय थाट विचारत नाही. सुरांची भांडणं बेसलाइन आणि पॅड आल्यावर सुरू होतात.

भातखंड्यांवर टीकाही भरपूर झाली. माझ्या मते त्यांचा ग्रंथांवर जरा जास्तच भरवसा होता, आणि निरक्षर उस्तादांच्या समजेला त्यांनी कमी लेखलं. पण गाणं शिकायला घराण्यात जन्मावं लागू नये हा त्यांचा हट्ट मला पूर्ण पटतो. १९१६ मध्ये बडोद्याला त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तेच आजचं भातखंडे विद्यापीठ. शेवटची वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर गेली आणि १९ सप्टेंबर १९३६ ला ते वारले.

घरी करून बघायचं असेल तर अहिर भैरवचा एखादा तुकडा की ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला द्या. कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, शुद्ध धैवत, कोमल निषाद: ही सप्तक दहा थाटांत नाही आणि चाकाच्या २४ घरांतही नाही. सॉफ्टवेअर तरीही एक आकडा देईलच. तो न बघता हेडफोनवर ऐकून पुढचा ट्रॅक निवडा.