कॉलरा प्यायलेला शास्त्रज्ञ

फ्रान्समध्ये १८९२ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका दाढीवाल्या प्राध्यापकांनी कॉलऱ्याचे जिवंत जंतू पिऊन टाकले. त्यांना काहीच झाले नाही. मग प्रयोगशाळेतील एक जण पुढे आला. त्यालाही काही झाले नाही. आणखी एकाने तोच प्रयोग केला आणि तो मरता मरता वाचला. हे प्राध्यापक होते इल्या मेचनिकोव्ह. जंतू तोच, मग एकाला कॉलरा होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, या प्रश्नाने त्यांचा पिच्छा सोडला नाही.

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ मधला, आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळचा. शिक्षण प्राणिशास्त्राचे, डॉक्टरकीचे नव्हे. बुद्धी विलक्षण, पण मन अतिशय हळवे. पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगली होती की लग्नाच्या वेळी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली आणि मेचनिकोव्ह यांनी अफूजन्य औषध मोठ्या प्रमाणात घेऊन आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. उलटी झाल्याने ते बचावले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने आजारी पडली. त्या सुमारास निराशेच्या भरात त्यांनी स्वतःला तापाच्या रुग्णाचे रक्त टोचून घेतले. त्यातूनही ते उठले. आयुष्य कसे वाढवावे हे जगाला सांगणाऱ्या माणसाची ही पूर्वपीठिका लक्षात ठेवायला हवी.

सिसिली बेटावरील मेसिना येथे १८८२ मध्ये त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. शरीरातील काही पेशी बाहेरून आलेल्या शत्रूला गिळतात, हा शोध तो हाच. त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि पॉल एर्लिक यांना विभागून मिळाले. (ओडेसातील त्यांचा एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला आणि त्याने प्लेगची लस तयार केली. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते हाफकिन हेच.)

पण कॉलऱ्याचे कोडे सुटले नव्हते. मेचनिकोव्ह यांनी प्रयोगशाळेतील बश्यांमध्ये कॉलऱ्याच्या जंतूंशेजारी इतर जंतू वाढवून पाहिले. काहींच्या सोबतीने कॉलऱ्याचा जंतू जोमाने फोफावला, तर काहींच्या शेजारी तो वाढेनासा झाला. म्हणजे आतड्यात आधीपासून कोण वस्तीला आहे, यावर येणाऱ्या जंतूचे नशीब ठरत असावे. आज प्रोबायोटिक या शब्दामागे जी कल्पना आहे, तिचे बीज या बश्यांमध्ये आहे. त्यांच्या दह्याच्या प्रचारापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे होते, पण लोकांच्या लक्षात राहिले ते दही.

१९०४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी वार्धक्यावर व्याख्यान दिले. मोठ्या आतड्यात कुजवणारे जंतू विष तयार करतात, त्यामुळे म्हातारपण लवकर येते. बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध खातात आणि दीर्घायुषी होतात. म्हणून दुधाला आंबवणारे जंतू पोटात घ्यावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला आणि युरोप-अमेरिकेत आंबट दुधाची आणि जंतूंच्या गोळ्यांची विक्री धडाक्यात सुरू झाली. मोठे आतडे हा निरुपयोगी अवयव आहे, असेही त्यांचे मत होते. ते मात्र साफ चुकले. लंडनमधील एक नामांकित शल्यविशारद आर्बथनॉट लेन तर केवळ बद्धकोष्ठासाठी मोठे आतडे कापून काढू लागले.

मेचनिकोव्ह स्वतः रोज आंबट दूध घेत आणि कच्चे अन्न टाळत. १९१६ च्या जुलैत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. मृत्यूनंतर आपली आतडी नीट तपासा, असे त्यांनी सहकारी डॉक्टरांना सांगून ठेवले होते. पुढे काही वर्षांतच अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, त्यांचा तो बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात तग धरत नाही.

बश्यांमधली कल्पना मात्र टिकली. १९१७ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड निसले यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून ई-कोलाय जंतूचा एक निरुपद्रवी वाण वेगळा केला. आजूबाजूचे सैनिक आतड्याच्या संसर्गाने आजारी असताना हा एकटा ठणठणीत होता. तो वाण आजही औषध म्हणून वापरात आहे.

जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या उपचारातही आता प्रोबायोटिकचा उपयोग होतो. (हा जंतू आजार करतो हे दाखवण्यासाठी १९८४ मध्ये बॅरी मार्शल यांनीही तो पिऊनच पाहिला होता.) हा जंतू घालवण्यासाठी आम्ल कमी करणारी गोळी आणि किमान दोन प्रतिजैविके बहुधा दोन आठवडे घ्यावी लागतात. त्यातून होणाऱ्या जुलाब-मळमळीमुळे अनेक रुग्ण औषध मध्येच सोडतात आणि जंतू तसाच राहतो. सोबत लॅक्टोबॅसिलसचे काही वाण किंवा सॅकॅरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट दिल्यास हा त्रास कमी होतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. नुसत्या प्रोबायोटिकने किंवा वाटीभर दह्याने हा जंतू जात नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांना तर हे जिवंत जंतूच अपायकारक ठरू शकतात, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत.